ओझरचा एक महिना : विमानाच्या संदर्भात ‘निर्मिती’ ह्या शब्दाचा विचार

मराठीत घर बांधतात आणि जहाजही बांधतात. दागिना घडवितात, मूर्ती घडवितात वा ओततात, कापड विणतात. विमानाचे काय करतात, ह्याविषयी मात्र भाषेचा निश्चय झालेला दिसत नाही. विमान बांधणे, विमान बनविणे, विमान तयार करणे, विमानाची जुळणी, विमाननिर्मिती, विमानोत्पादन असे नानाविध प्रयोग एकाच वृत्तपत्राच्या एकाच पानावर शेजारी शेजारी आढळतात. नव्या वस्तूला स्वतःचे क्रियापद मिळण्यास काही काळ जावा लागतो, हे खरे. परंतु भारतात विमानाचा कारखाना उभा राहून आठ दशके उलटली आहेत, तेव्हा एवढ्याच कारणावर समाधान मानता येत नाही. शब्दांच्या ह्या अनिश्चिततेच्या मागे वस्तुस्थितीचीच एक अनिश्चितता आहे. ती कोणती, हे २०२५ सालच्या एका महिन्यातील घटनांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तत्पूर्वी ‘बांधणे’ ह्या क्रियापदाचा अर्थ निश्चित करणे इष्ट होय. पापडीहून पारनाक्यावरून वसईच्या किल्ल्याकडे जाणारा रस्ता पुढे पाचूबंदरच्या कोळीवस्तीत पोहोचतो. हा सारा किनारा होड्यांचा आहे, आणि जहाजबांधणीची परंपराही येथे जुनी आहे. उत्तरेस असलेली आगाशी सोळाव्या शतकात ह्या कामासाठी इतकी प्रसिद्ध होती की १५३४ च्या तहाने वसई हाती येण्यापूर्वीच पोर्तुगीजांनी तिच्यावर हल्ले केले होते. कोकणच्या किनाऱ्यावर परंपरेने होडी बांधणारा सुतार कागदावर आकृती काढीत नसे. कण्याच्या लाकडाची लांबी ठरली की फासळ्यांची वळणे, फळ्यांची रुंदी, नाळेचा उतार ही सारी मापे त्याच्या स्मरणातून, दोरीच्या व हाताच्या मापाने निघत. कोळ्याने होडी थोडी रुंद मागितली तर ती रुंद होई. एखादी होडी भरतीत डळमळू लागली तर पुढच्या होडीत सुतार आपल्याच मापात फेर करी. सारांश, मापे आखणारा आणि वस्तू सिद्ध करणारा हे दोघे एकच होते. ‘बांधणे’ हा शब्द ह्या एकतेवर उभा आहे. विमानाच्या बाबतीत तो अडखळतो, कारण तेथे ही एकता मोडलेली असते.

आता त्या महिन्याकडे वळू. २५ सप्टेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड ह्या सरकारी कंपनीशी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करार केला. कराराची रक्कम करांव्यतिरिक्त ६२,३७० कोटी रुपयांहून अधिक होती. दुसऱ्याच दिवशी, २६ सप्टेंबरला, चंदीगढ येथे मिग-२१ ह्या विमानास भारतीय हवाई दलाने समारंभपूर्वक निरोप दिला. हवाई दलाचे प्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः ते विमान त्या दिवशी उडविले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळील ओझर येथील कंपनीच्या कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए विमान संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत आकाशात गेले. आणि २७ ऑक्टोबरला ह्याच कंपनीने मॉस्को येथे एका रशियन प्रवासी विमानाच्या उत्पादनासाठी सामंजस्य करार केला. चार घटना, आणि त्या चारही घटनांचे वर्णन वृत्तपत्रांनी ‘निर्मिती’ ह्या एकाच शब्दाने केले. वस्तुतः त्यांतील प्रत्येक ठिकाणी त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे.

ओझरचा प्रारंभ मिग-२१ पासून होतो. ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएट संघाशी ह्या विमानाविषयी करार झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चीनशी झालेल्या युद्धाने त्याची निकड वाढविली. १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ह्या नावाची सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या कामाची वाटणी अशी झाली की विमानाचा सांगाडा व अंतिम जुळणी नाशिकला, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ही कंपनी बंगळूरच्या जुन्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत विलीन होऊन आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स अस्तित्वात आली. सांगाड्याच्या कारखान्यासाठी नाशिकची निवड होण्याचे श्रेय सामान्यतः यशवंतराव चव्हाणांना दिले जाते. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले होते आणि १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातूनच ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते.

ह्या कारखान्याने भाषेत ठेवलेली एक खूण येथे नोंदविण्यासारखी आहे. जुन्नरजवळचे अष्टविनायकांपैकी ओझर आणि निफाड तालुक्यातील हे ओझर ह्यांत घोटाळा होऊ नये म्हणून लोकांनी दुसऱ्यास ‘ओझर मिग’ असे नाव दिले. ‘मिग’ हे मिकोयान व गुरेविच ह्या दोन आरेखकांच्या नावांपासून बनलेले अक्षरनाम; त्यातील मधला ‘इ’ हा रशियन भाषेतील उभयान्वयी अव्यय असून त्याचा अर्थ ‘आणि’ असा आहे. म्हणजे निफाड तालुक्यातील एका गावाच्या नावात एक रशियन ‘आणि’ साठ वर्षे सुखाने नांदत आहे. विमान निवृत्त झाले तरी तो तेथून निघेल असे वाटत नाही. स्थलनामे विमानांपेक्षा दीर्घायुषी असतात.

मिग-२१ ओझरला ‘बनले’ असे म्हणतात त्याचा अर्थ काय? परकीय आरेखनाचे विमान परवान्याखाली तयार करण्याचे काम टप्प्याटप्प्यांनी होते, आणि हे टप्पे ध्यानात घेतल्याविना पुढील विवेचन समजणार नाही. पहिल्या टप्प्यात विमाने संपूर्ण तयार स्थितीत परदेशातून येतात. येथे फक्त त्यांची तपासणी व उड्डाण-चाचणी होते. दुसऱ्यात पंख, धड, शेपटी असे मोठे खंड पेट्यांतून येतात व ते येथे एकत्र जोडले जातात. तिसऱ्यात ते खंडही सुट्या भागांच्या रूपाने येतात. त्यांतून आधी खंड, मग विमान सिद्ध होते. चौथ्या टप्प्यात सुटे भागही येत नाहीत. धातूचे पत्रे, दांडे व ओतीव-घडीव ठोकळे येतात आणि त्यांतून हजारो भाग येथेच कापले, वाकविले, कोरले जातात. पहिल्या मिग-२१ विमानांचे भाग पेट्यांतूनच आले. कच्च्या मालापासून येथे सिद्ध झालेले पहिले विमान ऑक्टोबर १९७० मध्ये हवाई दलाच्या स्वाधीन झाले. करारापासून हा आठ वर्षांचा प्रवास होय, आणि ज्या देशात त्यापूर्वी ध्वनीहून वेगवान विमानाचा एकही खिळा ठोकला गेला नव्हता त्या देशाच्या मानाने तो संथ म्हणता येणार नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७१ च्या युद्धात, ढाक्याच्या धावपट्ट्यांवर आणि १४ डिसेंबरला तेथील गव्हर्नरच्या निवासस्थानावर मारा करणारी विमाने ह्याच जातीची होती.

पहिल्या तीन टप्प्यांसाठी मराठीत ‘जुळणी’ हा नेमका शब्द आहे. तो छापखान्यातून आला आहे, हे विसरता कामा नये. छापखान्यात खिळे जुळविणारा तो जुळारी. त्याच्या बोटांत कौशल्य असते, डोळ्यांत अचूकपणा असतो, आणि त्याच्या श्रमाविना ग्रंथ वाचकाच्या हाती पडत नाही. परंतु ग्रंथातील एक ओळही बदलण्याचा अधिकार त्यास नसतो. चौथ्या टप्प्यात जुळाऱ्याने खिळेही स्वतःच ओतले, असे फार तर म्हणता येईल. येथे ‘कच्चा माल’ ह्या शब्दानेही फसू नये. ओझरने पुढे तयार केलेल्या सुखोई-३० विमानांच्या बाबतीत टायटॅनियमचे ठोकळे आणि ॲल्युमिनियमचे पत्रे हेसुद्धा करारानुसार रशियाकडूनच घ्यावे लागत. खिळे येथे ओतले, पण शिसे लेखकाच्या दुकानातूनच आणावयाचे, अशातला हा प्रकार होता.

व्युत्पत्ती ह्या ठिकाणी अनपेक्षितपणे उपयोगी पडते. ‘निर्माण’ व ‘निर्मिती’ हे शब्द संस्कृत ‘मा’ म्हणजे मोजणे ह्या धातूपासून आलेले आहेत. मोजून, मापे आखून जे सिद्ध केले ते निर्मित. ‘प्रमाण’, ‘परिमाण’, ‘मान’ ही त्याच कुळातील भावंडे. आणि ‘विमान’ हा शब्दही त्याच धातूचा आहे. ऋग्वेदात तो अंतराळ मोजणाऱ्यासाठी, ते आक्रमून जाणाऱ्यासाठी येतो. देवांचा रथ, सात मजली प्रासाद आणि भक्ताला न्यावयास येणारे वाहन हे अर्थ त्याला नंतर चिकटले. तेव्हा विमान आणि निर्मिती ह्या दोहोंच्या मुळाशी माप आहे. व्युत्पत्तीवरून आजच्या व्यवहाराचा निर्णय करणे शास्त्रशुद्ध नव्हे, हे मान्य. परंतु विमानाच्या कारखान्यात योगायोगाने व्युत्पत्ती आणि व्यवहार एकाच ठिकाणी बोट ठेवतात. मापे कोणाची, हाच तेथील मुख्य प्रश्न असतो.

हे प्रत्यक्ष कसे घडते ते पाहावे. सांगाडा जोडण्यासाठी पोलादाची एक अवजड चौकट उभारलेली असते. मराठीत तिला साचा म्हणता येईल. कामगार तिला ‘जिग’ म्हणतात. विमानाचा प्रत्येक भाग त्या चौकटीवरील ठरलेल्या बिंदूंवर बसवून धरावयाचा आणि मगच दुसऱ्या भागाशी जोडावयाचा असा नियम असतो. त्यामुळे पहिले विमान आणि शंभरावे विमान ह्यांत केसाएवढाही फरक पडत नाही, आणि एका विमानाचा भाग दुसऱ्यास बसतो. जिग म्हणजे पोलादाचे रूप घेतलेले आरेखनच होय. ओझरचे जिग ओझरच्या जमिनीत रोवलेले होते. ते ज्या मापांवर उभे होते ती मापे मात्र मॉस्कोच्या आरेखन-कार्यालयाची होती. मूळ ड्रॉइंगे व सूचना रशियन भाषेत; त्यांचे इंग्रजीत भाषांतर व्हावयाचे, आणि त्या इंग्रजीवरून मराठी बोलणारा कामगार काम करावयाचा. ह्या तीन भाषांच्या साखळीत मापे शुद्ध राहिली, ह्याचे कारण अंकांना भाषांतर लागत नाही. परंतु ‘हे माप असेच का?’ ह्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदांत लिहिलेले नसते. ते आरेखकाच्या गणितात असते, आणि परवान्याबरोबर ते येत नाही.

त्याचे परिणाम लहानसहान नव्हते. मिग-२१ च्या ज्या जातीचे उत्पादन ओझरला सुरू झाले तिच्यात तोफ नव्हती. केवळ क्षेपणास्त्रांवर तिची भिस्त होती. १९६५ च्या युद्धाने तोफ हवी हे दाखवून दिले, तेव्हा जीपी-९ नावाची तोफेची पेटी विमानाच्या पोटाखाली टांगावी लागली. वसईच्या सुताराने हे काम पुढच्या होडीत आपोआप केले असते. पुढे नव्वदीच्या दशकात मिग-२१ बिस ह्या जातीच्या १२५ विमानांत नवे रडार व नवी शस्त्रे बसविण्याचे ठरले. ‘बायसन’ ह्या नावाने ती ओळखली गेली. ह्या विमानांचा बहुतांश भाग ओझरनेच तयार केला होता. तरीही फेरफार केलेली पहिली दोन विमाने रशियात निझ्नी नोवगोरोद येथे सिद्ध करावी लागली, आणि मगच उरलेल्यांचे काम ओझरकडे आले. वीस वर्षे जे विमान हातांनी घडविले त्याचे नाक बदलण्यासाठीही ते परदेशी पाठवावे लागले, ह्यात कामगारांचा वा अभियंत्यांचा दोष नाही. परवाना ह्या व्यवस्थेचे ते स्वरूपच आहे.

ह्याच विमानाला ‘उडती शवपेटी’ हे नाव पडले. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग जातीच्या सर्व विमानांचे मिळून ४८२ अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक व इतर सेवांतील ८ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या होत्या. आकडे भयंकर आहेत, आणि ज्या घरांतून ते मोजले गेले त्यांच्यापुढे कोणताही युक्तिवाद थिटा पडतो. तथापि ‘उडती शवपेटी’ हा शब्दप्रयोग सारा दोष एका वस्तूवर टाकून मोकळा होतो, म्हणून तो चिकित्सेस पात्र आहे. मिग-२१ एकाच इंजिनाचे, लहान त्रिकोणी पंखांचे विमान होते. ते ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीवर उतरत असे. असे विमान हाती घेण्यापूर्वी तरुण वैमानिकास मधल्या वेगाच्या शिकाऊ जेट विमानावर सराव मिळावयास हवा. अशा विमानाची शिफारस ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभीच एका समितीने केली होती. ते विमान, म्हणजे ब्रिटिश हॉक, प्रत्यक्षात आले २००८ मध्ये. मधल्या पाव शतकात किरणसारख्या मंद विमानावरून शिकाऊ वैमानिक पुरेशा पूर्वतयारीविना मिगकडे वळत राहिले. त्या पाव शतकातील विलंबाला भाषेने कोणतेही नाव दिलेले नाही.

मिगच्या ह्या कथेला समांतर असा दुसरा प्रवाह बंगळूरला वाहत होता, आणि त्याच्या उगमाशीही मराठी माणसे आहेत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४१ मध्ये तेथे जुळलेले पहिले विमान हार्लो जातीचे, म्हणजे अमेरिकन आरेखनाचेच होते. परंतु त्याच कंपनीत १९४० च्या सुमारास विष्णू माधव घाटगे रुजू झाले. कोल्हापूरकडील हे विद्वान गटिंगेन येथे प्रांटल ह्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आले होते. त्यांनी एचटी-२ ह्या दोन आसनी शिकाऊ विमानाचे आरेखन केले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. पंखा फिरविणारे साधे इंजिन, मंद गती, शस्त्र नाही. पण त्याचे प्रत्येक माप येथल्या माणसाने काढलेले होते. पुढे जर्मन आरेखक कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमान बंगळूरला सिद्ध झाले व १९६१ मध्ये उडाले. त्याची १४७ विमाने तयार झाली. त्याचा सांगाडा ध्वनीहून अधिक वेगासाठी आखला होता, पण तसे इंजिन कोठूनही मिळाले नाही, आणि ऑर्फियस ह्या दुबळ्या इंजिनांवरच ते अखेरपर्यंत चालले. सांगाडा आपला आणि इंजिन परक्याचे ह्या विसंगतीचा तो पहिला मोठा धडा होता. मिग-२१ चा करार आणि मरुतची निराशा समकालीन आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे पुढची तीन दशके देश परवान्याच्याच वाटेने का गेला, हे कळते. ओझरने मिग-२१ नंतर मिग-२७ केले, २००४ पासून सुखोई-३० केले आणि त्या शेवटच्या जातीची २२२ विमाने हवाई दलासाठी सिद्ध केली. ह्या काळात चित्र अगदीच एकरंगी राहिले नाही, हे सांगणे न्याय्य होईल. सुमारे अडीच टन वजनाचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेण्यासाठी सुखोईच्या सांगाड्यात जे बळकटीकरण करावे लागले त्याचा मोठा भाग येथल्या अभियंत्यांनी स्वतः केला, आणि २५ जून २०१६ रोजी ते क्षेपणास्त्र घेऊन विमान ओझरवरूनच उडाले. जुळारी तोवर थोडेसे संपादन करू लागला होता.

तेजसचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला. त्याच्या आरेखनासाठी १९८४ मध्ये एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी ही स्वतंत्र संस्था बंगळूरला स्थापन झाली. पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि पहिली तुकडी २०१६ मध्ये उभी राहिली. तेहतीस वर्षांचा हा कालखंड टीकेस पात्र ठरला आहे, व ती टीका सर्वस्वी अन्याय्य नाही. मिग-२१ च्या जागी येण्यासाठीच ज्याची कल्पना झाली होती, त्याची पुरेशी विमाने मिग-२१ निवृत्त होईपर्यंत उभी राहिली नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाच्या लढाऊ तुकड्या मंजूर ४२ वरून २९ वर आल्या. मार्क-१ए ह्या सुधारित जातीच्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. पहिली विमाने २०२४ च्या प्रारंभी मिळावयाची होती. तीही वेळेवर मिळाली नाहीत.

ह्या पार्श्वभूमीवर १७ ऑक्टोबरचे महत्त्व नेमके कोठे आहे? समारंभात त्या दिवशी आकाशात सुखोई, तेजस आणि एचटीटी-४० अशी तीन विमाने दिसली. पहिले परवान्याचे, दुसरे बंगळूरच्या आरेखन-संस्थेचे, तिसरे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने स्वतः आखलेले शिकाऊ विमान, म्हणजे घाटग्यांच्या एचटी-२ चे दूरचे वंशज. तेजसची तिसरी आणि एचटीटी-४० ची दुसरी उत्पादन-ओळ त्याच दिवशी ओझरला सुरू झाली. ओझरने साठ वर्षे जी लढाऊ विमाने सिद्ध केली त्या सर्वांची मापे रशियन होती. ज्याची मापे देशातच काढली गेली असे लढाऊ विमान ह्या कारखान्यातून प्रथमच बाहेर पडले. बंगळूरचा प्रवाह आणि नाशिकचा प्रवाह एकत्र येण्यास एवढा काळ लागला.

कारखान्याच्या दृष्टीने हा बदल केवळ नावाचा नाही. नव्या ओळीसाठी धडाचे पुढचे, मधले व मागचे खंड, पंख आणि हवा आत घेणाऱ्या वाहिन्या ह्यांचे तीसहून अधिक जिग उभारावे लागले. मिग व सुखोई ही धातूची विमाने. तेजसच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे ४५ टक्के भाग कार्बनच्या तंतूंपासून केलेल्या संमिश्र द्रव्याचा आहे. धातूच्या पत्र्याला भोक पाडताना कारागिराची चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते. संमिश्र द्रव्याचे थर आतल्या आत सुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून वेधणीची गती, पात्याची धार व तपासणीची पद्धत सारेच बदलते. पिढ्यान् पिढ्या धातूवर बसलेला हात नव्या द्रव्यावर बसविणे, हे त्या मधल्या दोन वर्षांतले खरे काम होते. त्याची बातमी झाली नाही. ह्या ओळीतून वर्षाला आठ विमाने निघावीत आणि बंगळूरच्या दोन ओळींसह एकूण संख्या चोवीसवर जावी, अशी योजना आहे. सर्व खंडही आता एकाच छपराखाली होत नाहीत. पंख लार्सन अँड टुब्रोकडून, धडाचा मधला खंड हैदराबादच्या व्हेम टेक्नॉलॉजीजकडून, मागचा बंगळूरच्या अल्फा टोकोलकडून असे खासगी कारखान्यांतून येऊ लागले आहेत. म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या वाट्याला पुन्हा जुळणीच अधिक येणार. फरक एवढाच की जुळणीचे खंड आता गॉर्कीहून येत नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांना ह्या विमानासाठी ‘स्वदेशी बनावटीचे’ हे विशेषण सुचावे, हे स्वाभाविक होते; तो आपल्याकडील रूढ प्रयोग आहे. हा शब्दसमूह मोठा दुर्दैवी होय. ‘बनावट’ म्हणजे घडण, हा अर्थ त्या समासाबाहेर मराठीत आता जवळजवळ लोपला आहे. बनावट नोट, बनावट सही, बनावट औषध असाच तो शब्द सर्वत्र भेटतो. कोट्यवधी रुपयांच्या विमानाचे कौतुक करताना तोच शब्द वापरला जातो आणि कोणाला खटकत नाही, ही सवयीची करामत. ‘स्वदेशी’ ह्या शब्दाचा अर्थही दरम्यान सरकला आहे. बंगभंगाच्या काळात येथे विणले गेले ते कापड स्वदेशी. त्याचा नमुना मँचेस्टरचा आहे काय, असे कोणी विचारीत नसे. आज संरक्षण-खरेदीच्या नियमांत सर्वोच्च वर्ग आहे तो ‘येथे आखलेले, येथे विकसित केलेले आणि येथे उत्पादिलेले’ ह्या तिहेरी अटीचा, आणि त्यातही मूल्याच्या निदान निम्मा भाग देशी असला पाहिजे. सरकारी परिभाषेने येथे सामान्य भाषेहून अधिक सूक्ष्म भेद केला आहे, असे क्वचितच म्हणावे लागते, पण ते खरे आहे. ९७ तेजस विमानांचा करार ह्याच वर्गातील असून त्यांत देशी भाग ६४ टक्क्यांहून अधिक राहील असे जाहीर झाले आहे.

उरलेल्या भागात जे आहे ते मात्र नगण्य नाही. तेजसचे इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे एफ-४०४ हे आहे. कावेरी नावाच्या देशी इंजिनाचे काम १९८९ मध्ये सुरू झाले होते. अपेक्षित बल साधले नाही म्हणून २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. २०२१ मध्ये मागविलेल्या ९९ अमेरिकन इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये पोहोचले, आणि मार्क-१ए च्या विलंबाचे एक प्रमुख कारण हेच होते. सांगाडे तयार, इंजिन नाही, ही मरुतच्या काळची स्थिती साठ वर्षांनी निराळ्या रूपात परत आली. सांगाड्याची मापे आपली झाली. ज्या भट्टीत इंजिनाची पाती ओतली जातात तिची मापे अद्याप परक्याची आहेत. त्यामुळे तेजसविषयी ‘निर्मिती’ हा शब्द वापरण्यास प्रत्यवाय नसला, तरी इंजिनापुरता तो ‘खरेदी’ असाच वाचला पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ह्याच जातीच्या आणखी ११३ इंजिनांचा करार झाला.

महिन्याच्या अखेरीची मॉस्कोतील घटना ह्या सर्व विवेचनाला एक वळण देते. तेथे २७ ऑक्टोबरला झालेला सामंजस्य करार एसजे-१०० ह्या दुहेरी इंजिनांच्या प्रवासी विमानाविषयी होता. भारतातील ग्राहकांसाठी ते उत्पादित करण्याचा हक्क त्यायोगे हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे येतो. अशा पूर्ण प्रवासी विमानाचे काम ह्या कंपनीने पूर्वी एकदा केले होते. ते विमान म्हणजे ब्रिटिश परवान्याचे ॲव्हरो ७४८. १९६१ मध्ये सुरू झालेले ते काम १९८८ मध्ये थांबले. म्हणजे ओझरला आपल्या मापांचे लढाऊ विमान उडाल्यानंतर दहाच दिवसांनी कंपनीने पुन्हा दुसऱ्याच्या मापांचे विमान हाती घेण्याची तयारी दाखविली. ह्यात विसंगती आहे असे समजण्याचे कारण नाही. लढाऊ विमानात फेरफाराचा अधिकार हा युद्धाचा प्रश्न असतो. लहान शहरांना जोडणाऱ्या प्रवासी विमानात तिकिटाचा दर आणि सुट्या भागांची उपलब्धता अधिक मोलाची ठरू शकते. परंतु हा करार प्रत्यक्षात उतरल्यास त्या विमानाचे काम वर सांगितलेल्या चार टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यावर सुरू होते, कोणत्या टप्प्यावर थांबते, आणि एखादे माप बदलावयाचे झाल्यास ते कोणास विचारून बदलावे लागते, हे मात्र पाहावे लागेल.